तीन अर्ध्यांचा सामना : बेलफास्टच्या जोडशाळांचं प्रकरण

उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट. तिच्या उत्तर भागात आर्डॉइन रोड नावाचा एक रस्ता आहे. २००१ साली त्यावर दोन प्राथमिक शाळा जवळजवळ समोरासमोर भरत होत्या. एक हॉली क्रॉस, कॅथलिक मुलींची. दुसरी व्हीटफील्ड, तिथे प्रोटेस्टंट घरांतली मुलं. दोन्हीकडे इंग्रजीतूनच शिकवत, दोन्हीकडे पावसाळी जाकिटं तशीच आणि डब्यात साधारण तेच सँडविच. तरी एका शाळेतल्या मुलीने दुसऱ्या शाळेच्या फाटकातून आत जाण्याचं कारण वर्षानुवर्षं पडत नसे.

शालेय देवाणघेवाण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमानतळ, यजमान कुटुंब आणि निरोपाच्या वेळी रडणारी मुलं येतात. या प्रकरणात फक्त रस्ता ओलांडायचा होता. तो किती रुंद होता हे त्याच वर्षी जगाने टीव्हीवर पाहिलं.

हॉली क्रॉस शाळा ग्लेनब्रिन या प्रोटेस्टंट वस्तीला लागून. मुली राहायच्या पलीकडच्या कॅथलिक आर्डॉइनमध्ये, त्यामुळे शाळेची वाट या वस्तीतूनच जायची. जून २००१ मध्ये ग्लेनब्रिनच्या रहिवाशांनी वाट अडवली. आमच्या घरांवर हल्ले होतात, आमची वस्ती आक्रसत चालली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते निव्वळ कांगावा नव्हतं. पण सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा जे दिसलं त्याचं समर्थन कुणालाच करता आलं नाही. चार ते अकरा वर्षांच्या मुली आईबापांचा हात धरून चालताहेत, दोन्ही बाजूंना ढाली घेतलेले पोलिस आणि सैनिक, आणि त्यांच्या डोक्यांवरून येणाऱ्या शिव्या, शिट्ट्या, हाती लागेल ते. ५ सप्टेंबरला एक हातबॉम्ब फुटला, पोलिस जखमी झाले. निदर्शनं थांबायला नोव्हेंबर उजाडला.

तोवर गुड फ्रायडे करार होऊन तीन वर्षं उलटली होती. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच राहावं म्हणणारे, बहुतेक प्रोटेस्टंट, आणि ते आयर्लंडला जोडावं म्हणणारे, बहुतेक कॅथलिक, यांच्यातल्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसं गेली, १० एप्रिल १९९८ ला करार झाला, बंदुका बऱ्याच अंशी शांत झाल्या. शाळा मात्र होत्या तशाच राहिल्या. दोन्ही समाजांची मुलं ठरवून एकत्र शिकवणारी पहिली शाळा, लेगन कॉलेज, १९८१ मध्ये २८ मुलांना घेऊन सुरू झाली होती. अशा एकात्म शाळा पुढे वाढल्या, पण आजही शंभरातली जेमतेम सात-आठ मुलं त्यांत जातात. बाकीची आपापल्या बाजूला. शाळा एकत्र करता येत नसतील, तर निदान मुलं आठवड्यातून एकदा एकत्र आणता येतील का, आणि आणायची तर कशासाठी, हा या प्रकरणातला प्रश्न.

खेळासाठी आणू, असं उत्तर सगळ्यांना लगेच सुचतं. ब्रुसेल्सलाही सुचलं होतं. युरोपीय संघाने २००४ हे 'खेळातून शिक्षणाचं युरोपीय वर्ष' म्हणून साजरं केलं. त्या उन्हाळ्यात पोर्तुगालमध्ये युरो स्पर्धा आणि अथेन्सला ऑलिंपिक, शिवाय मे महिन्यात दहा नवे देश संघात आलेले. मुहूर्त चांगला होता. ठरावात तरतूद होती १ कोटी १५ लाख युरोंची. उद्दिष्टांत एक कलम असं होतं, की शाळेच्या कामाचा भाग म्हणून खेळांचे आणि सांस्कृतिक मेळावे भरवून विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीला, विशेषतः बहुसांस्कृतिक वातावरणातल्या, चालना द्यावी. गंमत अशी की खेळ हा विषय तेव्हा संघाच्या अधिकारातच नव्हता. तो संघाच्या अधिकारात आला लिस्बन करारामुळे, २००९ अखेरीस. म्हणून मग सगळा कारभार शिक्षणाच्या दारातून केला. खिलाडूवृत्ती, संघभावना, परस्परांचा आदर असे शब्द त्या कागदांत जागोजागी आहेत, आणि त्या शब्दांशी भांडण असायचं कारण नाही.

अडचण एवढीच की बेलफास्टमध्ये खेळच आधी फाळणीत वाटून गेलेले होते.

कोण काय खेळतो

उत्तर आयर्लंडमध्ये एखाद्याला थेट धर्म विचारणं असभ्य समजतात. गरजही पडत नाही. आडनाव, शाळेचं नाव, शहराला डेरी म्हणता की लंडनडेरी, आणि खेळता काय, एवढ्यावर अंदाज येतो. एक अक्षरसुद्धा पुरतं: इंग्रजी वर्णमालेतलं आठवं. प्रोटेस्टंट शाळांत त्याचा उच्चार 'एच', कॅथलिक शाळांत 'हेच'. आपल्या कानाला दुसरा उच्चार ऐकून हसू येतं, पण दंगलींच्या काळात चुकीच्या गल्लीत हे अक्षर म्हणायला लावलं जाणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

गेलिक खेळ कॅथलिकांचे. १८८४ मध्ये थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात जी गेलिक क्रीडा संघटना स्थापन झाली, तिचा हेतूच आयरिश खेळ जपणं, म्हणजे इंग्रजी खेळांना पर्याय उभा करणं, हा होता. तिच्या सभासदाने सॉकर किंवा रग्बी खेळलं, एवढंच काय नुसतं पाहिलं, तरी त्याच्यावर कारवाई होई. ही बंदी उठली १९७१ मध्ये, बेलफास्टलाच भरलेल्या अधिवेशनात. ब्रिटिश सैनिक आणि उत्तर आयर्लंडचे पोलिस यांना सभासद न करण्याचा नियम त्याहून चिवट. तो रद्द झाला नोव्हेंबर २००१ मध्ये, म्हणजे आर्डॉइन रोडवरची निदर्शनं थांबली त्याच महिन्यात.

रग्बीचं उलटं. साऱ्या आयर्लंड बेटाचा राष्ट्रीय संघ एकच, उत्तर-दक्षिण भेद नाही. पण उत्तरेत हा खेळ शिकवला जातो तो प्रामुख्याने प्रोटेस्टंट मुलं जातात त्या शाळांत. सॉकर दोघांचाही, म्हणून त्यातलं भांडण जास्त जवळचं. दोन्हीकडची पोरं गल्लीत तोच चेंडू लाथाडतात, फक्त एकाच्या अंगात ग्लासगोच्या सेल्टिकचा हिरवा शर्ट आणि दुसऱ्याच्या अंगात रेंजर्सचा निळा. ऑगस्ट २००२ मध्ये नील लेनन हा सेल्टिककडून खेळणारा कॅथलिक खेळाडू उत्तर आयर्लंडचं कर्णधारपद करणार होता. सामन्याआधी त्याला जिवे मारण्याची धमकी आली. तो घरी गेला आणि देशासाठी पुन्हा खेळला नाही.

आता या गावात जाऊन 'खेळ माणसं जोडतो' असं म्हणून बघा.

चेंडू कुणाचा

त्याच २००२ साली बेलफास्टमध्ये पीसप्लेयर्स ही अमेरिकेत स्थापन झालेली संस्था आली. तिने बास्केटबॉल निवडला. कारण सरळ होतं: हा चेंडू कुणाच्याच बापाचा नव्हता. त्यावरून कुणी दंगल केली नव्हती, त्याच्या नावाने कुणी गाणी म्हणत नव्हतं. संस्थेने प्राथमिक शाळांच्या जोड्या लावल्या, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट. दहा-अकरा वर्षांची मुलं ठरावीक दिवशी एकत्र येत. प्रशिक्षकही दोन्ही समाजांतले तरुण. अर्धा वेळ खेळ, उरलेला वेळ गप्पा आणि छोटे उपक्रम: ओळख म्हणजे काय, झेंडे आणि चिन्हं पाहून आपल्याला काय वाटतं, न भेटता माणसाबद्दल आपण काय धरून चालतो.

आयर्लंडचा माजी रग्बीपटू ट्रेव्हर रिंगलंड या कामात पुढे होता. २००७ मध्ये त्याला आणि डेव्ह कलन या सहकाऱ्याला अमेरिकेत टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांच्या नावाचा धैर्य पुरस्कार मिळाला.

बास्केटबॉलची युक्ती चांगली, पण तिच्यात एक पळवाट आहे असं मला वाटतं. परका खेळ आणला की मुलं एकत्र खेळतात खरी, पण जो खेळ घरी-दारी खेळला जातो, ज्याच्यावरून बाप आणि काका टीव्हीसमोर ओरडतात, त्याला हात लागत नाही. म्हणून मला या प्रकरणातला पुढचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्याचं नाव 'तीन अर्ध्यांचा सामना'. इंग्रज समालोचकांचं एक आवडतं वाक्य आहे, की फुटबॉल हा दोन अर्ध्यांचा खेळ. त्यावरची ही कोटी. उत्तर आयर्लंडची फुटबॉल संघटना, अल्स्टरची, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताची, गेलिक संघटना आणि अल्स्टर रग्बी, तिघांनी आपापले प्रशिक्षक दिले, मोट बांधली पीसप्लेयर्सने. संवेदनशील वस्त्यांमधल्या शाळांची मुलं एका ठिकाणी आणायची आणि तिन्ही खेळ खेळवायचे. संघ सरमिसळ. अंगावर एकाच रंगाचे बिब, म्हणजे कपड्यांवरून चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, त्यामुळे गणवेश झाकला जातो. क्लबचे शर्ट घालून यायचं नाही.

मैदानावर काय होतं ते जरा जवळून बघू. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेता येतो, पण चार पावलांपेक्षा जास्त पळायचं नाही. मग तो आपटायचा, किंवा पळता पळता पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात झेलायचा. सवय असलेला पोरगा हे श्वास घेतल्यासारखं करतो. नवा पोरगा करायला जातो तेव्हा चेंडू त्याच्या गुडघ्याला लागून दहा फूट लांब जातो. अर्ध्या तासाने रग्बीचा लांबट चेंडू येतो. आता पास फक्त मागे द्यायचा. मघाचा गेलिकवाला सवयीने पुढे फेकतो, शिट्टी वाजते, पुन्हा फेकतो, पुन्हा शिट्टी. त्याच्याच संघातला मघाशी फजिती झालेला मुलगा त्याला दाखवतो, कमरेतून वळ, मागे बघ. सॉकर आला की दोघंही बरोबरीचे.

प्रत्येक मूल एका खेळात नवशिकं आणि दुसऱ्यात जाणकार. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की दोन गट नुसते भेटून पूर्वग्रह कमी होत नाहीत. भेटताना दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते मिळवायला परस्परांची गरज लागावी आणि वरून अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा. यातलं 'समान दर्जा' बहुतेक कार्यक्रमांत भाषणापुरतं राहतं. इथे तो पाळीपाळीने मिळतो, आणि तोही मूल जिथे फजीत होतं तिथून.

आणखी एक गोष्ट चित्रं पाहताना लक्षात आली. रग्बीचे आणि गेलिक फुटबॉलचे गोलखांब एकाच आकाराचे असतात: दोन उभे दांडे, मध्ये एक आडवा. म्हणजे तेच आठवं अक्षर. गेलिकमध्ये खाली जाळी बांधतात, एवढाच फरक.

दोरी तीच

ऑलपोर्ट यांचं पुस्तक आलं त्याच उन्हाळ्यात ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकराएक वर्षांची २२ मुलं एका शिबिरात आणली, त्यांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. चार दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग स्पर्धा थांबवून दोन्ही गटांना एकत्र केल्याशिवाय होणार नाहीत अशी कामं दिली. एकदा खाण्याचं सामान आणणारा ट्रक 'बंद पडला'. मुलांनी तो ओढून काढला, आणि ओढला तो रस्सीखेचीच्याच दोरीने. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, मुलांना चिथवल्याचा आरोपही झाला. पण ती दोरी मी विसरू शकत नाही. खेळाचं साहित्य तेच, फक्त दोन्ही गट दोरीच्या एकाच टोकाला.

आपल्याकडे मुंबईत हे उलट्या टोकाने करून झालं आहे. १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी क्रिकेट स्पर्धा भरत. संघ धर्मावर: हिंदू, पारशी, मुस्लिम, नंतर 'इतर', आणि एका संघाचं नावच 'युरोपियन'. क्रिकेट उत्तम होई, गर्दी लोटे, खिलाडूवृत्तीचे गोडवे गायले जात. तरी १९४० मध्ये गांधीजींनी त्याविरुद्ध मत दिलं आणि १९४६ मध्ये स्पर्धा बंद पडली. हिंदू खेळाडूंमधलीच दुसरी गोष्ट बघा. पुण्यात बाळू पळवणकर या दलित खेळाडूच्या गोलंदाजीवर झेल घेणारे सवर्ण खेळाडू चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या मातीच्या पेल्यात चहा देत. संघ एक होता, चहा नव्हता. धाकट्या विठ्ठल पळवणकरांना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळायला १९२३ उजाडलं. म्हणून असा कुठलाही कार्यक्रम कागदावर समोर आला की मी आधी मधली सुट्टी कुठे आहे आणि मुलं कुणाशेजारी बसून खातात ते बघतो. सामन्याचं वेळापत्रक नंतर.

पासपोर्ट

या सगळ्यात युरोप कुठे आहे? एका अर्थी सगळीकडे, कारण पैसा तिथूनही येतो. उत्तर आयर्लंड आणि सीमेलगतच्या परगण्यांसाठी युरोपीय संघाने १९९५ पासून 'पीस' नावाचा निधी चालवला आहे. त्याच्या चौथ्या टप्प्यात, २०१४ ते २०२० साठी, साधारण २७ कोटी युरो होते आणि शाळांनी एकत्र येऊन शिकणं हे त्यातलं एक ठळक उद्दिष्ट होतं. ब्रेक्झिटनंतरही हा निधी थांबला नाही. पुढचा टप्पा संघ आणि ब्रिटन मिळून चालवतात.

पण मुलांना 'तुम्ही युरोपचे नागरिक' असं शिकवायला गेलं तर काय होतं? युरोपीय नागरिकत्व मास्ट्रिख्ट करारातून आलं, १९९३ पासून. ते स्वतंत्र मिळत नाही. सदस्य देशाचं नागरिकत्व असेल तर त्यावर आपोआप चढतं. गुड फ्रायडे कराराने उत्तर आयर्लंडच्या लोकांना स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क दिला. २०२० पर्यंत या निवडीने युरोपच्या बाबतीत काही फरक पडत नव्हता. दोन्ही पासपोर्ट युरोपीयच. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं आणि एकाच रस्त्यावरच्या, एकाच रंगाचे बिब घातलेल्या दोन मुलांपैकी आयरिश पासपोर्टवाला युरोपचा नागरिक राहिला, फक्त ब्रिटिश पासपोर्टवाला राहिला नाही. २०१६ च्या सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के मतदारांनी संघात राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं, तरी हे झालं. त्यानंतर आयरिश पासपोर्टच्या अर्जांत वाढ झाली, आणि ते अर्ज केवळ कॅथलिक घरांतून आले नाहीत.

म्हणजे सामायिक युरोपीय नागरिकत्व हा विषय या वर्गात फळ्यावर लिहिला की तो सामायिक राहतच नाही. तो पुन्हा 'तू कोण' या प्रश्नाशी येऊन थांबतो. ७ एप्रिल २०२१ च्या रात्री पश्चिम बेलफास्टमध्ये लॅनार्क वे इथे, दोन वस्त्यांमधल्या भिंतीतल्या फाटकाच्या दोन्ही बाजूंनी, दगड आणि पेट्रोल बॉम्ब उडाले, शँकिल रोडवर एक बस पेटवली गेली. कारणांत एका अंत्यसंस्काराचा वाद होता, आणि ब्रेक्झिटमुळे आयरिश समुद्रावर आलेली व्यापारी सीमाही. दंगलीत बारा-तेरा वर्षांची मुलं होती. प्राथमिक शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली.

माझं मत असं, की बेलफास्टच्या या कार्यक्रमांनी युरोपचं नाव फारसं घेतलं नाही हे बरंच केलं. युरोपचा झेंडा आणि त्यावरचे बारा तारे शिकवण्यापेक्षा 'दोन्ही' म्हणण्याची परवानगी शिकवणं त्या मुलांच्या जास्त कामाचं होतं. ब्रुसेल्सच्या कागदांना हे पटेल का, माहीत नाही. निधी मागताना तिथले शब्द लिहावेच लागतात.

जे झालं नाही

दोष मोठे आहेत. अकराव्या वर्षी मुलं माध्यमिक शाळेत जातात आणि जोडी तिथे तुटते, कारण माध्यमिक शाळा पुन्हा वेगवेगळ्या. गेलिक खेळणारा गेलिककडे, रग्बी खेळणारा रग्बीकडे. निधी टप्प्याटप्प्याने येतो, मैत्री तशी होत नाही. पालक बहुतेक वेळा फाटकापर्यंतच येतात. दोन्ही समाजांच्या वस्त्यांमध्ये १९६९ मध्ये तात्पुरती म्हणून उभारलेली शांतता-भिंत अजून उभी आहे आणि तिच्यातली काही फाटकं रात्री बंद होतात. सरकारने २०१३ मध्ये दहा वर्षांत सगळ्या भिंती काढण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. २०२३ आलं आणि गेलं.

आणि हे सगळं दोन बाजू धरून आखलेलं आहे. बेलफास्टमध्ये आता भारतीय, पोलिश, फिलिपिनो घरांतली मुलंही आहेत. उत्तर बेलफास्टमध्येच, आर्डॉइनपासून फार लांब नाही अशा कार्लाइल सर्कसजवळ, एका जुन्या चर्चच्या सभागृहात भारतीय समाजाचं केंद्र आहे. तिथला एक जुना विनोद सगळ्यांना ठाऊक आहे. एकाला विचारतात, तू कॅथलिक की प्रोटेस्टंट? तो म्हणतो, मी हिंदू. बरं, पण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू? संघ अर्धे-अर्धे करताना या मुलाला कुठे मोजायचं, याचं उत्तर जोडशाळांच्या आखणीत नाही. मुलांनाच ठरवू दिलं तर कदाचित ती त्याला गोलकीपर करतील. ज्याला पासिंग येत नाही त्याला तिथेच उभं करतात.

सत्र संपलं की बिब गोळा करतात. गणवेश पुन्हा दिसू लागतात, जांभळे एका ओळीत, निळे दुसऱ्या ओळीत म्हणा हवं तर. शिक्षक मुलं मोजतात. एक ओळ बसकडे जाते, दुसरी चालत निघते. फळीवर कुणाचं तरी जाकीट विसरलेलं असतं आणि ते कोणत्या शाळेचं हे कॉलरवरचं चिन्ह पाहिल्याशिवाय कळत नाही.